नाळ कुठं पुरली गो?

भाभीला पोलीस ठाण्यात बोलावलं तो मंगळवार होता. ती गेली. संध्याकाळी परत आली. त्यानंतर ती महाडची राहिली नाही.

हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तुम्हाला मध्ये मध्ये हसू येईल आणि हसण्याच्या भरात हा मंगळवार मागे पडेल. तो मागे पडलेला मला नको आहे.

तिची एक सवय होती. नवीन माणूस भेटलं की ती नाव विचारायची नाही, गाव विचारायची नाही, आडनाव तर नाहीच. आपल्याकडे हे प्रश्न कोणत्या क्रमानं येतात आणि शेवटी कुठे पोचायचं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ती कमरेवर हात ठेवायची, मान थोडी तिरकी करायची आणि विचारायची, “तुजी नाळ कुठं पुरली गो?” समोर पुरुष असेल तर गो च्या जागी रे. बँकेत नवीन साहेब आले तेव्हा तिनं त्यांनाही सगळ्यांसमोर विचारलं. ते लातूरकडचे. त्यांना वाटलं, ही कसली तरी योजना असावी. म्हणाले, “मॅडम, त्यासाठी बाजूच्या खिडकीत चौकशी करा.”

भाभी उंच होती, आडव्या बांध्याची आणि काळी. आपल्याकडे सावळ्यालाही लोक काळं म्हणतात. ती खरी काळी होती आणि ते तिला छान दिसायचं. ती नायजेरियाची. तिचा नवरा आमच्या आळीतला. त्याला आम्ही भाई म्हणायचो. भाई जहाजांची इंजिनं दुरुस्त करायचा, कामासाठी लेगॉसच्या बंदरात बरीच वर्षं राहिला, तिथे आजारी पडून इस्पितळात गेला आणि येताना तिथल्या नर्सला निकाह करून घेऊन आला. आळीतल्या बायका दुसऱ्या दिवशी वाटीभर साखर मागायला एकेक करून जाऊन आल्या. साखर प्रत्येकीच्या घरी भरपूर होती.

तिचं मराठी ऐकून नवीन माणूस दचकायचा. भाईच्या घरातली बोली तिला जमली नाही. मराठी ती पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या बाळंतिणींकडून शिकली. त्यामुळे गावातले शिकलेले लोक तिच्याशी हिंदीत बोलायचे आणि ती त्यांना “काय बोलता ता मराठीत बोला की” असं सुनवायची. लोकांना याची फार मौज वाटे. मौज वाटणं आणि आपलं मानणं यात फरक असतो, हे मला तेव्हा कळत होतं. तो किती मोठा आहे ते पुढे कळलं.

मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. भाभी पहिल्यांदा आली ती पुस्तकासाठी नाही, पंख्यासाठी. मे महिना होता. टेबलाशी बसली, पाणी प्यायली आणि मला तिचा प्रश्न विचारला.

मला उत्तर माहीत नव्हतं. घरी जाऊन आईला विचारलं. आई म्हणाली, “तुझ्या आजोळी. पायरीजवळच्या फणसाखाली.” माझं आजोळ पोलादपूरच्या अलीकडे, हायवेला लागून. तो फणस रस्ता रुंद करताना तोडला. दुसऱ्या दिवशी मी भाभीला तसं सांगितलं.

“म्हंजे आता तुज्यावरनं ट्रक जातात.”

“हो.”

“मग तू हायवेची गो,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की वर्तमानपत्रं वाचणाऱ्या दोन पेन्शनरांनी चष्मे काढून पाहिलं. तेव्हापासून ती मला बाय म्हणायला लागली. कधी लहर लागली तर हायवे.

त्या काळात मला नायजेरियाबद्दल काहीच माहिती नव्हती. आमच्या वाचनालयात शिवकालावर तीन कपाटं आहेत. आफ्रिकेवर एक पुस्तक होतं, तेही शिकारीचं. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, “बरंच हाय. आमच्याकडं शाळेत आमचा इतिहास शिकवला नाय, तुज्याकडं कपाट कुटून येनार?”

मग तीच सांगत गेली. दुपारच्या वेळी वाचनालय रिकामं असतं. तिच्या तोंडून मी जो इतिहास ऐकला तो नंतर पुस्तकं मागवून पडताळून पाहिला. तो खरा निघाला, फक्त पुस्तकांत तिच्याइतका राग नव्हता.

ती म्हणायची, वर उत्तरेची माणसं वेगळी, खालची वेगळी, पूर्वेची आम्ही आणखी वेगळी. देव वेगळे, भाषा वेगळ्या, जेवणसुद्धा वेगळं. इंग्रजाला कारभार एकत्र करणं सोयीचं होतं, म्हणून त्यानं सगळं जोडून एक केलं. ज्यांना जोडलं त्यांना विचारलं नाही. “आणि नाव कुनी ठेवलं म्हाईत हाय? एका गोऱ्या बाईनं. पेपरात लिहून. तुमच्यात बारसं कोन करतं?”

“आत्या.”

“बघ. पोराच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आमच्या देशाचं बारसं शेजारनीनं केलं, आनि ती पन पाळन्याजवळ न येता.”

मग स्वातंत्र्य आलं. मग काही वर्षांत उत्तरेत राहणाऱ्या पूर्वेच्या लोकांच्या कत्तली झाल्या, ते पळून आपल्या भागात आले आणि म्हणाले, आम्हाला यांच्यात राहायचं नाही. त्यांनी आपला वेगळा देश जाहीर केला. बियाफ्रा. युद्ध झालं. अन्नाची वाट अडवली. पोटं फुगलेली आणि केस तांबूस झालेली मुलं मेली, किती त्याचा हिशोब कुणालाच नीट लागला नाही. तीन वर्षांच्या आत तो देश संपला. जिंकलेले म्हणाले की कुणी जिंकलं नाही आणि कुणी हरलं नाही. “आसं फक्त जिंकलेला मानूसच बोलतो,” भाभी म्हणायची.

ती त्या युद्धात जन्मली. म्हणजे ती ज्या देशात जन्मली तो देश ती चालायला लागेपर्यंत उरला नव्हता.

एका वकिलांच्या घरच्यांनी ते गेल्यावर त्यांची पुस्तकं वाचनालयाला दिली होती. त्यात एक जुना, जाड इंग्रजी नकाशासंग्रह होता. एका दुपारी मी तो तिच्यासमोर उघडून ठेवला. तिनं आफ्रिकेचं पान काढलं आणि किनाऱ्यावरून बोट फिरवत आणलं. आफ्रिकेचा किनारा जिथे आत वळतो, तिथल्या पाण्यावर बारीक निळ्या अक्षरांत बियाफ्राचा उपसागर असं छापलेलं होतं. ती बोट तिथेच ठेवून बसली. मी शाळेचा नवा नकाशा आणून शेजारी ठेवला. त्यात त्याच पाण्याचं नाव दुसरं होतं.

“बघ, हायवे,” ती म्हणाली. “युद्ध जिंकले, मग समुद्राचं नाव पन खोडलं.”

मग तिनं बोट पाण्यावरून उचलून जमिनीवर थोडं आत ठेवलं. तिथे काही छापलेलं नव्हतं. “इथं कुटं तरी,” ती म्हणाली.

तिच्या गावाकडे मूल जन्मलं की गळून पडलेली नाळ झाडाच्या मुळाशी पुरतात. ते झाड त्या मुलाचं. तो माणूस मोठा होऊन कुठेही गेला तरी त्याचं गाव म्हणजे ते झाड. तिथे एखाद्याला खालून वर न्याहाळत, तू कुठला असं विचारायचं असेल, तर हाच प्रश्न विचारतात. भाभीचा जन्म पळापळीत झाला, एका शाळेच्या इमारतीत. नाळ पडली तेव्हा आई रस्त्यावर होती. तिनं ती आपल्या लुगड्यासारख्या वस्त्राच्या टोकाला गाठ मारून बांधली. कुठे तरी थांबू, मग पुरू. पुढे भाभीचा मोठा भाऊ उपासमारीनं गेला. त्याला गुंडाळायला दुसरं कापड नव्हतं. आईनं अंगावरचं तेच वस्त्र फाडून त्याला त्यात गुंडाळलं आणि रस्त्याच्या कडेला पुरलं. गाठीची आठवण तिला दोन दिवसांनी झाली. रस्ता कोणता, कड कोणती, ते आईला पुढे कधीच सांगता आलं नाही.

“माजी नाळ माज्या भावाबरोबर गेली,” भाभी म्हणाली आणि पदरानं नकाशावरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

आता तिच्या कामाबद्दल सांगते. ती शिकलेली नर्स होती, सुईणपणात तिचा हात असा, की तिनं पोटावर तळवा ठेवला की बाई रडायची थांबायची. पण तिच्या शिक्षणाचा कागद इथे चालत नव्हता, आणि नवऱ्याच्या नावावर राहण्याची जी परवानगी तिला दरवर्षी मिळायची, तिच्यात नोकरी करायला मनाई होती. गावातल्या एका खासगी प्रसूतिगृहात ती तरीही रोज जायची. डॉक्टरांना ती हवी होती. त्यांच्या कागदावर ती कुठेच नव्हती. बोलताना ते तिला “आमची आया” म्हणायचे. बाळंतिणी तिला सिस्टर म्हणायच्या. आया म्हटलं की तिचा जबडा एकदा हलायचा, सुपारी फोडल्यासारखा.

बाळंतीण घरी निघाली की ती दाराशी तिला अडवून सांगायची, “नाळ पडली की फेकायची नाय. झाडाखाली पुरायची. पोराचं झाड पोराच्या नावावर. मी बगायला येनार.” वाड्यांतल्या बायकांना यात नवल वाटायचं नाही. त्यांच्याकडेही नाळ पुरतातच. नवल याचं वाटायचं की ती खरंच बघायला यायची. महिन्या दोन महिन्यांनी ती पोलादपूरच्या एसटीत बसायची, उतरून चढण चढायची आणि थेट परसात जाऊन रोपाभोवती काठीनं माती उकरून बघायची. रोप सुकलेलं असेल तर मुलाचं तोंड न पाहता परत फिरायची. सासवा तिला भीत.

मुलींसाठी तिचा नियम वेगळा होता. “पोरीची नाळ आंब्याखाली नाय, फनसाखाली. आंबा कुनी पन धोंडा मारून पाडतो. फनसासाठी वर चढावं लागतं.”

महाडात एका खोलीत राहणारं एक जोडपं होतं. त्यांना ना अंगण ना परस. तिनं तुपाचा रिकामा डबा आणून त्यात माती भरली, नाळ पुरली आणि वर कढीपत्ता लावला. तो मुलगा आता कॉलेजात जातो. मित्र त्याला कढीपत्ताच म्हणतात. त्याच्या आईनं भाड्याच्या चार खोल्या बदलल्या, प्रत्येक वेळी तो डबा कडेवर घेऊन.

एकवीसच्या पुरात वाचनालयात पाणी शिरलं. खालचे दोन खण गेले. नकाशासंग्रह खालच्याच खणात होता. भाभीनं तो आपल्या गच्चीवर नेला, पानापानात वर्तमानपत्रं घालून वाळवला आणि फुगून दुप्पट झालेलं ते पुस्तक डोक्यावर घेऊन आली. आफ्रिकेच्या पानावरचे रंग ओघळले होते, एका देशाचा दुसऱ्यात. ती म्हणाली, “आता खरा नकाशा जाला.”

पुरानंतर भाई आजारी पडला आणि पुढचा पावसाळा यायच्या आत गेला. आमच्या गावातल्या कबरस्तानात बायका जात नाहीत. ती भिंतीबाहेर उभी राहायची. मीही कधी कधी तिच्याबरोबर जायची. भिंत बुटकी आहे, आतलं दिसतं. तिनं जमातीतल्या एका वडीलधाऱ्यांना सांगून ठेवलं, “चाचा, त्याच्या डाव्या हाताला जागा सोडा. मला त्याच्या उजव्या बाजूला झोपायची सवय नाय.” चाचा हसले, म्हणाले, “जागा द्यायची अल्लानं. पण आम्ही लक्ष ठेवू.” इतर कशासाठी तिला काही मागताना मी पाहिलेलं नाही. तिला एवढंच हवं होतं. ज्या बाईची नाळ कुठे आहे ते माहीत नाही, तिला निदान स्वतः कुठे असणार ते माहीत असावं.

नवरा गेला तशी त्याच्या नावावरची परवानगीही गेली. भाईनं हयातीत तिच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. तो वर गेला आणि वरच राहिला. ही गोष्ट सरकारच्या ध्यानात यायला कदाचित आणखी काही वर्षं लागली असती. पण मुंबईत कुठे तरी अमली पदार्थांच्या प्रकरणात काही नायजेरियन पकडले गेले, ते टीव्हीवर दिसलं, आणि आमच्या गावातल्या कुणीतरी ठाण्यात कळवलं की आमच्याकडेही एक आहे.

कुणी, ते मला माहीत नाही. मी अजून बाजारात माणसांचे चेहरे बघते. भाजी घेताना बघते. लग्नात अक्षता टाकताना बघते.

मग तो मंगळवार. मी बरोबर गेले. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. विचारलं, “जन्म कुठला?”

“तो देश आता नाय साहेब.”

“म्हणजे?”

“मी जलमले तवा तिथं दुसरा देश होता. मग तो मेला.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, “बरं. मग आता तुम्ही कुठल्या?”

“म्हाडची.”

त्यांनी नायजेरिया लिहिलं. लिहिण्यासारखं तेवढंच होतं. मग पेन ठेवून माझ्याशी हळू बोलले. बाई विधवा आहे, इथल्या माणसाची बायको आहे, घरात बसून असते, कुणाला त्रास नाही, असं चार लोकांनी येऊन सांगितलं तर ते तशी शिफारस लिहून वर पाठवतील. मग मुदतवाढीचा विचार होऊ शकतो. “घरात बसून असते,” हे त्यांनी दोनदा म्हटलं. मला कळलं.

मी डॉक्टरांकडे गेले. चार लोक आणायचे तर सुरुवात तिथून करायला हवी होती. त्यांचा शब्द गावात चालतो. त्यांनी फक्त इतकंच सांगायचं होतं की ही कधी मधी हौसेनं यायची, बायकांशी बोलत बसायची. ते उभ्यानंच म्हणाले, “मला यात ओढू नका. मी त्यांना ओळखतो, इतकंच.”

ओळखतो. त्यांच्या बंगल्याच्या फाटकाशी एक फणस आहे. त्यांच्या नातीचा. भाभीनं स्वतः खड्डा खणून लावलेला. त्याला आता दगडी पार बांधलाय आणि दुपारी त्याची सावली त्यांच्या गाडीवर पडते. मी त्या सावलीतून चालत बाहेर आले. त्या दिवशी माझ्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही, आणि विझावं म्हणून मी काही करतही नाही.

बाजारपेठेत मी आणखी काही लोकांकडे गेले. एकाला वेळ नव्हता. एक म्हणाले, “तसं त्यांचं सगळं बरंय, पण वातावरण कसं आहे ते तुम्हाला माहितीये.” वातावरण. जसं काही ते डोंगरावरून उतरतं आणि यांचा त्यात हात नसतो. जमातीतले चाचा मात्र आले, सांगायला हवं होतं ते सांगून गेले. साहेबांनी लिहून घेतलं. मला धरून दोन झाले. आणखी दोघं मिळाले असते तर काम भागलं असतं.

आणि मग वाड्यांना बातमी लागली.

शुक्रवारी सकाळी भाभी आणि मी पुन्हा ठाण्यात होतो, तेव्हा समोर टेम्पो थांबला. त्यातून बायका उतरल्या. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या, कुणी कडेवर मूल घेऊन, कुणी मोठ्या मुलाला दंडाला धरून. पुढे भागी होती. भागीच्या दोन्ही सुना भाभीच्या हाताखालून गेलेल्या. तिनं येताना फणस आणला होता. तो तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“सायेब, ही नसती तर माजी थोरली सून मेली आसती.”

साहेबांनी हळूच म्हटलं, “मावशी, ही शेजारधर्म म्हणून कधी तरी मदतीला आली असेल. एखाद वेळ.”

“येकाद वेळ? रोज, सायेब. ड्युटी व्हती तिची.”

“ड्युटी म्हणू नका, मावशी.”

“का नको म्हनू? तो डाक्टर येतो तवा पोर भाईर आलेलं आसतं. सगलं हीच करते.”

“असं बोलू नका. मी काय सांगतो ते ऐका. ती तिथे आया म्हणून...”

तिथे साहेबांचं चुकलं. त्यांना तिचं काम लहान करून तिला वाचवायचं होतं. पण आया हा शब्द ऐकला आणि बायका पेटल्या. “आया नाय ती,” मागून एक ओरडली. “सिस्टर हाय. लिवा तिकडं, सिस्टर.” दुसरीनं आपल्या मुलाला पुढे ढकललं, “हा बगा, उलटा व्हता. हिनं सरल केला.” मग प्रत्येक बाई सांगू लागली. कोणतं पोर, कोणता पावसाळा, कोणत्या वेळी डॉक्टर जेवायला गेला होता. साहेब हात वर करून थांबवत होते आणि बायकांना वाटत होतं, हा माणूस आमच्या सिस्टरचा मान लिहून घ्यायला तयार नाही. त्या आणखी मोठ्यानं सांगत होत्या. मागच्या टेबलावर जिल्ह्याच्या कचेरीतून चौकशीला आलेला माणूस बसला होता. तो सगळं लिहून घेत होता.

मी भाभीकडे पाहिलं. ती बाकावर बसली होती. तिला सगळं कळत होतं. तिनं त्यांना गप्प करायला हात उचलला. मग तो मांडीवर ठेवला.

परवानगी नसताना इतकी वर्षं नोकरी केली, असा निष्कर्ष निघाला. साक्षीदार भरपूर होते. देश सोडण्याचा हुकूम आला.

नंतर मी तिला विचारलं, “थांबवलं का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर त्या गप्प बसल्या असत्या.”

ती बॅगेत साड्या ठेवत होती. म्हणाली, “सरकारासमोर पैल्यांदा कुनी मला सिस्टर म्हटलं, बाय. कसं थांबवू?”

ती गेली त्या सकाळी आळीतल्या निम्म्या खिडक्या बंद होत्या. ज्या उघड्या होत्या त्यांत बायका रडत होत्या, पण खाली कुणी उतरलं नाही. त्याआधी दोन दिवस सगळ्यांच्या फोनवर एक मजकूर फिरत होता. महाडात बेकायदा राहणारी नायजेरियन महिला, वगैरे. खाली तिचा फोटो, कुणाच्या तरी बारशातला कापून काढलेला. तिच्या कुशीतलं बाळ अर्धं कापलं गेलं होतं, नुसतं टोपडं दिसत होतं. तो मजकूर मला पाठवणाऱ्यांत त्या बाळाचा काका होता.

गाडीत बसताना तिनं मला विचारलं, “चाचाला सांगशील ना? जागेचं.”

“सांगेन.”

“येते मी.” निघताना जाते म्हणायचं नाही, हे ती आपल्याकडूनच शिकली होती.

तिकडे ती धाकट्या भावाच्या घरी राहिली. फोन करायची. मराठीत बोलायला मिळावं म्हणून करायची असं मला वाटतं. तिथे बाजारातली पोरं तिला इंडियन म्हणून हाक मारतात, हे तिनंच हसत सांगितलं. “वरन करते ना मी. आनि डोक्यावर पदर घेते. त्यांना वाटतं, आली कुटून ही.” मोठ्या भावाला पुरलेली जागा शोधायला ती दोनदा गेली. रस्ता आता मोठा झालाय, म्हणाली. “तुज्यासारखंच जालं, हायवे. त्याच्यावरनं पन ट्रक जातात.”

या वर्षी होळीच्या सुमारास तिच्या पुतणीचा इंग्रजीत निरोप आला. रक्तदाब वाढला आणि भाभी गेली. भावाच्या अंगणात तिला पुरलं. पुतणीनं लिहिलं होतं, सगळ्यांना समाधान आहे की शेवटी ती आपल्या घरी आली.

मी त्या मुलीला काही उलटून लिहिलं नाही. तिची चूक नाही. तिच्या देशानं आणि माझ्या देशानं मिळून एका बाईचं घर कुठलं ते ठरवलं. बाईला विचारायची पद्धत दोन्हीकडे नाही. लोक मला म्हणतात, कायदा होता, कुणाचाच दोष नव्हता, आता तुम्हीही शांत व्हा. मी शांतच आहे. माझा आवाज कधी चढत नाही. पण मला समजूत नको आहे.

भागीला मी हे सांगितलेलं नाही की तिच्या साक्षीनं काय झालं. सांगणारही नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून इथे लिहू शकते. मे महिन्यात ती वाचनालयात आली, धाकट्या नातीच्या झाडाचा फणस घेऊन. पहिलंच फळ. टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “सिस्टर कवा येनार गो?”

मी म्हटलं, “कळवते.”

नकाशासंग्रह वाचनालयात आहे, फुगलेला, मिटत नाही. डॉक्टरांच्या फाटकाशी सावली आहे. पोलादपूरच्या वाड्यांत फणस धरले आहेत. चाचांनी शब्द पाळला. भाईच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी आहे. भिंतीबाहेरून दिसते.